कंट्रोल-एस दाबल्यावर स्क्रीन का गोठते? टर्मिनलच्या सेटिंगची पार्श्वभूमी

लिनक्सवर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून ‘एसटीटीवाय -ए’ ही टर्मिनलच्या सेटिंग दाखवणारी कमांड दिली की पहिल्याच ओळीत बहुधा वेग दिसतो: ३८४०० बॉड (तारेवरून संकेत जाण्याच्या वेगाचं माप). खरं तर ही खिडकी म्हणजे त्याच संगणकावर चाललेला एक प्रोग्राम. मध्ये तार नाही, मोडेम नाही. मग हा वेग कशाचा? खालच्या नोंदी तर आणखी विचित्र. ओळ संपल्यावर किती थांबायचं, टॅबनंतर किती थांबायचं, मोठी अक्षरं लहान करायची का. यातली जवळपास प्रत्येक नोंद एकेकाळच्या खऱ्याखुऱ्या यंत्रासाठी केलेली आहे. टर्मिनलची सेटिंग्ज दोन वेगवेगळ्या ठिकाणी का राहतात, आणि एक दुरुस्त केली तरी दुसरी बिघडलेलीच का राहते, याचं उत्तरही त्या यंत्रांपाशीच सापडतं.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं, तेव्हा संगणकाशी बोलायचं साधन होतं टेलिटाइप, म्हणजे तारेने जोडलेलं टाइपरायटरसारखं यंत्र. १९६३ साली आलेलं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं, तीही फक्त कॅपिटल आणि कागदाच्या गुंडाळीवर. छपाईचा भाग ओळीच्या उजव्या टोकाहून डावीकडे परत यायला एका अक्षराच्या वेळात जमत नसे. संगणकाने घाई केली तर पुढचं अक्षर वाटेतच कुठेतरी उमटायचं. म्हणून ड्रायव्हरला (यंत्राशी बोलणाऱ्या प्रणालीच्या भागाला) सांगावं लागे की ओळ संपली, आता जरा थांब. लिनक्स त्या थांबण्याच्या नोंदी आजही दाखवतं, थांबत मात्र नाही.

या यंत्राला नवी ओळ सुरू करायला दोन संकेत लागत: एक डावीकडे परत येण्याचा, दुसरा कागद एक ओळ वर सरकवण्याचा. युनिक्सने फायलीत एकच संकेत ठेवायचा ठरवलं आणि दुसरा घालण्याचं काम कर्नलमधल्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरकडे दिलं. एखादा प्रोग्राम मध्येच कोसळतो आणि त्यानंतरची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटाखालून सुरू होत जिन्यासारखी उतरत जाते, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्या वेळी नेमकं ड्रायव्हरचं हेच काम बंद पडलेलं असतं.

चूक सुधारण्याची पद्धतही कागदाने ठरवली. छापलेलं अक्षर पुसता येत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या युनिक्सवर मागचं अक्षर रद्द करायला ‘#’ आणि अख्खी ओळ रद्द करायला ‘@’ टाइप करायचे. कागदावर सगळं तसंच दिसायचं. कर्नल मात्र ओळ पूर्ण होईपर्यंत ती स्वतःकडे ठेवून, दुरुस्त करून, मग प्रोग्रामला द्यायचा. एसटीटीवायचा मुख्य कारभार आजही एवढाच आहे: ही दुरुस्ती कोणत्या किल्लीने करायची, टाइप केलेलं अक्षर परत दाखवायचं की नाही, कुठल्या किल्लीने प्रोग्राम थांबवायचा. पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही, कारण प्रोग्रामने तेवढ्यापुरता प्रतिध्वनी बंद केलेला असतो.

कंट्रोल-एसचं मूळही इथलंच. मॉडेल ३३ च्या एका प्रकारात कागदी पट्टीवर भोकांच्या रूपात साठवलेली अक्षरं वाचणारा भाग होता. कंट्रोल-क्यूचा संकेत आला की तो सुरू व्हायचा, कंट्रोल-एस आला की थांबायचा. पुढे हेच संकेत ‘माझ्याकडची जागा भरली, जरा थांब’ हे सांगायला वापरले गेले. त्यामुळे फाईल सेव्ह करायच्या सवयीने टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस दाबणारा माणूस आजही सगळं हँग झालं म्हणून घाबरतो. कंट्रोल-क्यू दाबावं, किंवा ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ देऊन ती सोयच बंद करावी. माझ्या मते हा पर्याय मुळातच बंद असायला हवा होता. डिलीटच्या संकेतात सातही बिट एक का असतात, तेही या पट्टीवरून कळतं: चुकलेल्या अक्षराच्या जागी सगळी भोकं पाडली की ते अक्षर रद्द.

मोठ्या अक्षरांची गंमत वेगळीच. जुन्या युनिक्सवर लॉगिनचं नाव सगळं कॅपिटलमध्ये टाइप केलं, तर समोरच्या यंत्राला लहान अक्षरं येतच नाहीत असं प्रणाली धरून चालायची आणि पुढचं सगळं कॅपिटलमध्येच दाखवायची. कॅप्स लॉक चुकून सुरू राहिलेल्यांची काय अवस्था होत असेल!

सत्तरच्या दशकात कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. १९७५ मध्ये डिजिटल कंपनीचं व्हीटी ५२ आणि १९७६ मध्ये लिअर सिग्लरचं एडीएम-३ए. या एडीएम-३एवर कर्सरचे बाण एच, जे, के, एल या किल्ल्यांवर छापलेले होते. बिल जॉयने त्यावर बसून व्हीआय संपादक लिहिला आणि त्या चार किल्ल्या कायमच्या चिकटल्या. आता कर्सर हवा तिथे नेता येत होता, पण तो न्यायचे संकेत प्रत्येक कंपनीचे वेगळे. बर्कलीत बिल जॉयनेच त्यावर टर्मकॅप हा तोडगा काढला: एका फायलीत प्रत्येक टर्मिनलची संकेतसूची, आणि आपलं टर्मिनल कोणतं ते सांगणारं ‘टर्म’ हे चल. मार्क हॉर्टनने पुढे याच कल्पनेवर टर्मइन्फो रचलं. आपण ‘टीपुट’ ही कमांड वापरून अक्षर ठळक करतो किंवा स्क्रीन साफ करतो, ते त्यातल्याच नोंदी वाचून.

मधल्या काळात १९७८ चं व्हीटी १०० इतकं खपलं की बाकीच्यांनी त्याचीच नक्कल सुरू केली. त्याचे संकेत एस्केप या अक्षराने सुरू होतात आणि १९७९ च्या अमेरिकी मानकाशी जुळतात. गंमत म्हणजे व्हीटी १०० ला रंग येत नव्हते, तरी आजचं रंगीत टर्मिनल त्याच घराण्यातलं मानलं जातं.

इथे दोन ठिकाणं स्पष्ट होतात. एसटीटीवाय कर्नलशी बोलते. टीपुट कर्नलला काहीच सांगत नाही. ती फक्त काही बाइट बाहेर टाकते आणि टर्मिनल त्यांचा अर्थ लावतं. चुकून एखादी बायनरी (मजकूर नसलेली) फाईल ‘कॅट’ केली, म्हणजे स्क्रीनवर ओतली, आणि तिच्यात अक्षरसंच बदलण्याचा संकेत निघाला, तर प्रॉम्प्टच्या जागी रेघा-चौकटी दिसू लागतात. कर्नलमधली सेटिंग ताळ्यावर आणणारी ‘एसटीटीवाय सेन’ तिथे निरुपयोगी, कारण कर्नल ठणठणीत आहे. ‘रीसेट’ चालते, कारण ती दोन्हीकडे जाते. अक्षरं दिसत नसली तरी आंधळेपणाने टाइप करावी.

खिडकीच्या आकाराचं घर मात्र मध्येच बदललं. खरं टर्मिनल २४ ओळी आणि ८० रकान्यांचंच राहणार, म्हणून तो आकडा संकेतसूचीत होता. ऐंशीच्या दशकात खिडक्या आल्या, माउसने ओढून लहानमोठ्या होऊ लागल्या, आणि आकार कर्नलकडे गेला. सीरियल केबलने एखाद्या उपकरणाला जोडलं तर पलीकडच्या कर्नलला तो कळतच नाही आणि व्हीआय अर्ध्याच स्क्रीनवर उघडतो. तिथे ओळी आणि रकाने एसटीटीवायला हाताने सांगावे लागतात.

लिनक्सच्या कन्सोलसाठी, म्हणजे खिडक्यांशिवायच्या पूर्ण पडद्यावरच्या टर्मिनलसाठी, ‘सेटटर्म’ ही कमांड आली. नाव एसटीटीवायच्या भावंडासारखं असलं तरी तीही एस्केप संकेतच पाठवते. कन्सोल दहा मिनिटांनी काळा पडायचा, ते टाळायला कित्येक सर्व्हरवाले ‘सेटटर्म -ब्लँक ०’ ही ओळ सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवत. सर्व्हर कोसळला तर शेवटचा संदेश वाचायला तरी मिळावा! कर्नलने २०१७ मध्ये ती मूळ सेटिंगच बंद केली.

आपल्या लिपीची गाठ या सगळ्याशी बरीच आधी पडली. आयआयटी कानपूरमधल्या कामातून निघालेलं जिस्ट हे भारतीय लिप्यांचं तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलं. पीसीत जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवरच्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटायची. १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकात तर लिपी बदलायला आणि अक्षर ठळक करायला खास संकेत होता, एस्केपच्या जातकुळीतलाच.

१९९२ मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत आखली आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं झालं. बॅकस्पेसने एकच बाइट खोडला तर मागे कचरा उरतो, म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरला ‘आययूटीएफ८’ हा पर्याय जोडावा लागला. पण तो चिन्ह ओळखतो, जोडाक्षर नाही. ‘कि’ मध्ये चिन्हं दोन; त्यातल्या वेलांटीला स्क्रीनवर स्वतंत्र रकाना द्यायचा की नाही, यावर टर्मिनल आणि लायब्ररी यांचं अजूनही नेहमी जुळत नाही. मराठी नावांच्या फायली असलेल्या फोल्डरमध्ये ‘एलएस’ ही फायलींची यादी दाखवणारी कमांड दिली की रकाने वाकडेतिकडे होतात ते यामुळे, आणि ते सरळ करणारा पर्याय ना एसटीटीवायकडे आहे ना टर्मइन्फोकडे.