प्रस्तरभंग सरकतोय की अडकलाय?

प्रस्तरभंगाच्या, म्हणजे भूकवचातल्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर सरकतात. मोबाइलमधले जीपीएस कित्येक मीटरनी चुकते, तरी त्याच उपग्रहांच्या साहाय्याने ही हालचाल मोजता येते. मोबाइल संदेशातला सांकेतिक क्रम वाचतो, तर भूमापनाचा रिसीव्हर संदेश वाहून आणणारी लहरच मोजतो. तिची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि तिचा शंभरावा भागही ओळखता येतो. मात्र उपग्रहापर्यंत पूर्ण लहरी किती, हे गणिताने शोधावे लागते. फांदीआड क्षणभर संकेत तुटला, तरी तो आकडा पुन्हा काढावा लागतो.

दोन वारंवारतांवर मोजल्याने आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, संदेशाला होणारा विलंब जवळजवळ वजा होतो. बाष्पामुळे होणारा विलंब असा जात नाही. तो स्थानाबरोबरच अंदाजून काढतात. दर ३० सेकंदांची नोंद २४ तास घेतली, की आडव्या दिशेत २-३ मिलिमीटरपर्यंत नेमके स्थान मिळते. उंचीतली चूक त्याच्या साधारण तिप्पट असते.

खरी कसोटी ॲन्टेना ज्यावर बसवतात त्या खांबाची. चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचा ॲन्टेना तिच्याबरोबर हलतो. म्हणून शक्यतो उघड्या खडकात, नाहीतर सुमारे १० मीटर खोल छिद्रांत स्टीलचे तिरपे पाय गाडून ते वर एकत्र जोडतात. वरच्या काही मीटरांत ते मातीपासून सुटे ठेवतात. ॲन्टेना बदलला की आलेखात भूकंपासारखी उडी दिसते, त्यामुळे बदलाची तारीख नोंदवलीच पाहिजे. भूजलाच्या चढउताराने जमीन दरवर्षी वरखाली होते. म्हणून अडीच वर्षांपेक्षा कमी नोंदींवरून काढलेल्या वेगावर विसंबू नये.

कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियासचा मधला भाग सतत सरकतो. तिथे भंगरेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मोजणी केंद्रांच्या (अशा खांबांच्या) वेगांत थेट पायरी दिसते. आडवा सरकणारा भंग १५ किलोमीटर खोलीपर्यंत अडकलेला असेल, म्हणजे तिथवर दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरून असतील, तर पायरीऐवजी उतार दिसतो: भंगरेषेच्या तुलनेत १५ किलोमीटरवरचे केंद्र अतिदूरच्या केंद्राच्या निम्म्या वेगाने सरकते, ५० किलोमीटरवरचे सुमारे ८० टक्के. केंद्रे फक्त भंगाजवळ असली, तर उथळ अडकलेला मंद भंग आणि खोल अडकलेला वेगवान भंग सारखेच दिसतात. भूकंपाच्या धोक्याच्या दृष्टीने या दोन्हींत मोठा फरक आहे. म्हणून निधी तुटपुंजा असला, तरी आमच्या मते दोन्ही बाजूंची लांबची केंद्रे गाळू नयेत.