सीमाभागातला स्वस्त टॅब आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम

टॅब, टॅबलेट : फोनपेक्षा मोठा, लॅपटॉपपेक्षा हलका, बोटाने चालवायचा सपाट संगणक. पडदा बहुधा 7 ते 11 इंचांचा. दुकानात ‘टॅबलेट’ म्हटलं तर आधी औषधाची गोळी डोळ्यांसमोर येते, म्हणून बेळगावच्या बाजारात सगळे त्याला ‘टॅब’च म्हणतात. साधारण 15,000 रुपयांच्या आत मिळणारा तो स्वस्त किंवा बजेट टॅब. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या कर्नाटकातल्या मराठी वस्तीच्या पट्ट्यात असा टॅब बहुतेक वेळा एकट्याचा नसतो. सकाळी आजोबा त्यावर पेपर वाचतात, दुपारी मुलं अभ्यास करतात, रात्री घरातली बाई त्यावर मालिका बघते.

टॅब चालतो ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे कार्यप्रणालीवर. पडदा, बॅटरी, मेमरी, कीबोर्ड आणि ॲप यांचा मेळ घालणारं हे मूळ सॉफ्टवेअर. स्वस्त टॅबच्या बाबतीत ती जवळजवळ नेहमी अँड्रॉइडच असते, कारण अँड्रॉइडचा गाभा मुक्त आहे आणि कोणतीही कंपनी तो पैसे न मोजता वापरू शकते. ॲपलचा आयपॅड 2010 साली बाजारात आला आणि टॅब ही वस्तू घराघरात माहीत झाली. पण आयपॅडओएसवर चालणारं यंत्र या किमतीत नवं मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये 9 इंचांहून लहान पडद्याच्या यंत्रांसाठी विंडोज फुकट केलं होतं. तेव्हा काही स्वस्त विंडोज टॅब आले, पण ते टिकले नाहीत. ॲमेझॉनची फायर ओएस ही अँड्रॉइडपासूनच काढलेली फांदी, आणि तिच्यावर गूगलचं प्ले स्टोअर नसतं.

भारतात स्वस्त टॅबची चर्चा सुरू झाली ती ‘आकाश’मुळे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी तो दिल्लीत जाहीर केला. डेटाविंड कंपनीचा हा टॅब सरकारला सुमारे 2,250 रुपयांना पडत होता. पडदा 7 इंची, अँड्रॉइड 2.2, 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 256 एमबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी. पडदा नुसत्या स्पर्शाने हलत नसे, नखाने दाबावा लागे. पुढे आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सुधारलेला आकाश-2 आला. 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. त्यात स्पर्शाला लगेच दाद देणारा पडदा, 512 एमबी रॅम आणि अँड्रॉइड 4.0 होतं. आकाशची योजना पुढे विरून गेली. तरी गरिबाच्या पोराच्या हातात टॅब असू शकतो ही कल्पना त्याने रुजवली, हे त्याचं ऋण मान्य केलं पाहिजे. त्याच सुमारास मायक्रोमॅक्सचा फनबुक, आयबॉलचे स्लाइड असे टॅब दुकानांत दिसू लागले. सिम घालून फोनसारखं बोलता येणारा ‘कॉलिंग टॅब’ हा आपल्याकडे विशेष चालला.

सीमाभागात टॅबची पारख वेगाआधी भाषेवर होते, आणि ते रास्तच आहे. इथल्या कितीतरी घरांत मूल मराठी माध्यमात शिकतं, शाळेत कन्नड आणि इंग्रजीही घेतं, आणि वडिलांच्या हातातला जमिनीचा उतारा कन्नडमध्ये छापलेला असतो. यंत्राला या तिन्ही लिप्या नीट दाखवता आणि लिहिता आल्या नाहीत, तर ते घरात निम्मं निकामी ठरतं.

मूळ अँड्रॉइड 2.2 मध्ये देवनागरीची सोयच नव्हती. मराठी मजकुराच्या जागी ओळीच्या ओळी रिकामे चौकोन दिसत. ज्या कंपन्यांनी आपल्यापुरता फॉन्ट घातला, त्यांच्याही यंत्रांत अक्षरं जुळत नसत. ‘किल्ला’ लिहिला तर पहिली वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन पडे आणि ‘ल्ल’ फुटून दोन ‘ल’ वेगळे दिसत. तेव्हा जाणकार मुलं ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन ‘बिटमॅप फॉन्ट’ चालू करत. मग सर्व्हर मजकुराचं चित्र करून पाठवी आणि मराठी पेपर वाचता येई. अँड्रॉइड 4.0 पासून देवनागरी नीट जुळू लागली. पण मेनू, सूचना, बटणं अशी सगळी यंत्रणा मराठीत आली ती अँड्रॉइड 5.0 मध्ये, म्हणजे नोव्हेंबर 2014 मध्ये. त्याच आवृत्तीत कन्नडही आली. त्याच महिन्याच्या 1 तारखेला बेळगावचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं होतं. नावावरून गावात केवढी धग होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण टॅबच्या सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड एकाच यादीत शेजारी येऊन बसल्या. 2016 च्या अँड्रॉइड 7.0 मध्ये एकापेक्षा जास्त भाषा पसंतीच्या क्रमाने लावता येऊ लागल्या. पहिली मराठी, दुसरी कन्नड, तिसरी इंग्रजी अशी रचना करता येते आणि ज्या ॲपला जी येते ती ते उचलतं. सीमाभागातल्या घरासाठी याहून उपयोगी सुधारणा अँड्रॉइडमध्ये झाली नाही, असं मला वाटतं.

लिहिण्याच्या बाबतीत मराठीची स्वतःची काही दुखणी आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पडद्यावर लिहून पाहावेत. पहिल्यात रफार, म्हणजे गुरुजींना. दुसऱ्यात आडवा ‘र’, म्हणजे स्वयंपाक्यांना. नुसता ‘र’, हलन्त आणि ‘य’ दाबलं की यंत्र रफारच देतं. आडवा ‘र’ हवा असेल तर नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. कीबोर्डवर तो बहुधा ‘र’ दाबून धरल्यावर सापडतो, किंवा सुचवलेल्या शब्दांत येतो. जुन्या पद्धतीत हेच अक्षर साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून करत. दोन्ही दिसायला सारखी, पण यंत्राच्या लेखी वेगळी, म्हणून साध्या शोधात एक प्रकार लिहिला तर दुसरा हाती लागेलच असं नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांनी मानलेल्या अक्षरांच्या सामाईक संकेतात, 2008 साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. ज्या जुन्या टॅबच्या फॉन्टमध्ये तो नसतो, तिथे अजून चौकोन दिसतो. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठी व कन्नड दोन्ही पाट्या एकदम ठेवता येतात आणि पृथ्वीगोलाचं बटण दाबून एकीवरून दुसरीवर जाता येतं.

आणखी एक अडचण छापखान्यांकडून येते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका आणि निमंत्रणं अजून फिरत असतात. पीडीएफ असेल तर ती व्यवस्थित दिसते. पण तीच वर्डची फाइल टॅबवर उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो, आणि लोक टॅबला दोष देतात. टॅबचा दोष नसतो, मजकूर युनिकोडमध्ये नसतो. असा मजकूर पाठवणाऱ्याने आधी पीडीएफ करून पाठवावा, एवढं जरी झालं तरी बराच त्रास वाचेल.

कन्नड कागद समजून घेण्यासाठी टॅबचा मोठा पडदा खरोखर कामी येतो. गूगलच्या भाषांतर ॲपमधून कागदाचा फोटो काढला की मराठी अर्थ पडद्यावर उमटतो. नोटिशीचा आशय कळायला तो पुरेसा आहे. जमिनीच्या कागदातल्या कायद्याच्या शब्दांवर मात्र त्याच्या भरवशावर सही करू नये, जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावं.

शाळेच्या अभ्यासात एक घोळ वारंवार होतो. सीमाभागातल्या मराठी शाळा कर्नाटकच्या अभ्यासक्रमाने चालतात आणि त्यांची मराठी पुस्तकं कर्नाटकचं पाठ्यपुस्तक मंडळ काढतं. ‘मराठी माध्यम, आठवी’ असं शोधलं की समोर येतात ती महाराष्ट्राच्या बालभारतीची. भाषा तीच असली तरी धडे वेगळे, परीक्षा वेगळी. शालेय अभ्यासाच्या सरकारी दीक्षा ॲपमध्येही आधी राज्य कर्नाटक आणि मग माध्यम मराठी निवडावं लागतं. अवांतर वाचनासाठी मात्र बालभारतीचा खजिना जरूर उघडावा. 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक तिथे फुकट वाचायला मिळतात. जांबोटी, कणकुंबीकडच्या डोंगराळ भागात नेटवर्क सगळीकडे धड मिळत नाही. तिथे मेमरी कार्ड बसणारा टॅब घ्यावा आणि गावात आल्यावर पुस्तकं उतरवून न्यावीत.

टॅब घेताना लोक कॅमेरा आणि रंग बघतात. बघायचं असतं ते रॅम, साठवण आणि अपडेट. कमी रॅमच्या यंत्रांसाठी गूगलने 2017 मध्ये ‘अँड्रॉइड गो’ काढलं. ते हलकं असतं, पण अँड्रॉइड 13 पासून त्यालाही किमान 2 जीबी रॅम लागते. आज घेताना 4 जीबीच्या खाली जाऊ नये. जुन्या आवृत्तीत अडकलेला टॅब चालू असूनही हळूहळू निरुपयोगी होतो. 24 ऑक्टोबर 2023 पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड 5.0 च्या आधीच्या यंत्रांची साथ सोडली, आणि त्याच वर्षी गूगलच्या ॲपना लागणाऱ्या गूगल प्ले सेवांनी अँड्रॉइड 4.4 ची. स्वस्त टॅबला मोठी अपडेट फार कमी मिळतात, म्हणून पेटीवर लिहिलेली आवृत्ती बघण्याइतकंच कंपनी अपडेट किती वर्षं देणार हे विचारणं गरजेचं आहे.

बिननावाचे टॅब हा वेगळाच धोका. काहींमध्ये सेटिंगमधली आवृत्ती आणि रॅमचा आकडाच खोटा घातलेला असतो. 2023 मध्ये उघड झालेल्या ‘बॅडबॉक्स’ प्रकरणात, गूगलने प्रमाणित न केलेल्या काही अँड्रॉइड यंत्रांमध्ये विक्रीआधीच घातक सॉफ्टवेअर भरलेलं आढळलं होतं. तपासायला दोन मिनिटं लागतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘बद्दल’ या भागात यंत्र प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. टॅबवर किंवा पेटीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो.

खडेबाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात उभं राहिलं की स्वस्त टॅबचं पुढचं आयुष्य दिसतं. खानापूरकडून आलेली बाई पिशवीतून टॅब काढते. ‘अण्णा, पोराचा टॅब हँग होतोय, बघा की जरा.’ दुकानदार मागचं झाकण न उघडताच सांगतो, ‘अक्का, मेमरी फुल झालीय. सॉफ्टवेअर मारूया, पण फोटो जातील बघा.’ ती क्षणभर थांबते, आतल्या फोटोंवरून बोट फिरवत राहते. खरं तर अनेकदा सॉफ्टवेअर मारायची, म्हणजे सगळं पुसून नव्याने घालायची गरज नसते. व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ कार्डवर हलवले आणि न लागणारी ॲप काढली तरी काम भागतं. फोटोंची नक्कल ठेवल्याशिवाय कुणालाही टॅब पुसू देऊ नये.

जुना टॅब विकत घेताना त्यावर मागच्या मालकाचं खातं उरलेलं नाही ना, हे समोर बसून पाहावं. अँड्रॉइड 5.1 पासून टॅब जबरदस्तीने पुसला तरी जुनं खातं विचारतो. दुकानदार याला ‘जीमेल लॉक’ म्हणतात. शिकवणीच्या कंपन्यांनी फीसोबत दिलेले टॅबही असेच कुलूपबंद असतात, आणि कंपनीने हात वर केले की चांगलं यंत्र कपाटात पडून राहतं. घरच्या टॅबमध्ये, सोय दिली असेल तर, प्रत्येक मुलासाठी वेगळा ‘युजर’ उघडावा. ही सोय अँड्रॉइड 4.2 पासून आहे. थोरलीचा अभ्यास आणि धाकट्याचे खेळ त्यामुळे एकमेकांत मिसळत नाहीत, आणि प्रत्येकाला आपली भाषा वेगळी लावता येते.