अपत्य प्रक्रिया : शेल स्क्रिप्टमधून नियंत्रण व समाप्ती

एका प्रक्रियेने (म्हणजे चालू असलेल्या कार्यक्रमाने) निर्माण केलेल्या दुसऱ्या प्रक्रियेस अपत्य प्रक्रिया व निर्माण करणारीस जनक प्रक्रिया म्हणतात. युनिक्स व तिच्या वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शेलला (वापरकर्त्याचे आदेश वाचून चालवणाऱ्या कार्यक्रमाला) दिलेला जवळजवळ प्रत्येक बाह्य आदेश शेलची अपत्य प्रक्रिया म्हणून चालतो. एरवी आदेश संपेपर्यंत शेल थांबतो; आदेशाच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह असल्यास मात्र तो न थांबता पुढील ओळीकडे वळतो. अशा रीतीने पार्श्वभूमीवर सोडलेल्या अपत्यांचा माग ठेवणे, त्यांच्या निकालाची वाट पाहणे आणि गरज पडल्यास त्यांना थांबवणे ही सर्व जबाबदारी स्क्रिप्ट (शेलच्या आदेशांची फाइल) लिहिणाऱ्याची असते.

अपत्य निर्माण करणाऱ्या ‘फोर्क’ या मूळ क्रियेच्या उगमाबाबत दोन मते आढळतात. मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये बहुप्रक्रियक संगणकाच्या आराखड्यावरील निबंधात ‘फोर्क’ व ‘जॉइन’ ही जोडी मांडली, म्हणून काही अभ्यासक उगमाचे श्रेय त्यांना देतात. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी मात्र युनिक्समधील फोर्कचा पूर्वज म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ‘जीनी’ या कालविभाजन प्रणालीचा निर्देश केला आहे. युनिक्सचे दुसरे निर्माते केन टॉम्प्सन यांचे शिक्षण त्याच विद्यापीठात झाले असल्याने हा दुवा स्वाभाविक वाटतो. कॉनवे यांच्या कल्पनेत एकाच कार्यक्रमाचा प्रवाह दोन वाटांनी फुटतो व पुढे ‘जॉइन’पाशी एकत्र येतो, युनिक्समध्ये जनक प्रक्रियेची स्वतंत्र प्रत तयार होते आणि या वाटा परत एकत्र येत नाहीत. म्हणून कल्पनेचे बीज कॉनवे यांचे आणि प्रत्यक्ष वारसा ‘जीनी’चा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पीडीपी-७ या संगणकावरील अगदी आरंभीच्या युनिक्समध्ये (सुमारे १९६९-७०) फोर्क नव्हताच. शेल आपल्याच जागी आदेशाचा कार्यक्रम आणून बसवी आणि तो कार्यक्रम संपताच शेल नव्याने भरला जाई. पुढे फोर्क आला तो रिची यांच्या सांगण्यानुसार असेंब्ली भाषेच्या अवघ्या २७ ओळींत. ‘वेट’ ही अपत्य संपेपर्यंत थांबण्याची क्रिया त्या वेळी तयार नव्हती. तिचे काम प्रक्रियांमधील संदेशवहनाच्या सोयीवर भागवले जाई : शेल अपत्याला एक संदेश पाठवून अडकून राही, अपत्याने तो वाचणे अपेक्षितच नसे, आणि अपत्य संपले की ‘असा प्राप्तकर्ता अस्तित्वात नाही’ ही त्रुटी परत येई, तीच समाप्तीची खूण मानली जाई. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत ‘वेट’ स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. पार्श्वभूमीवरील कामे थोपवून पुन्हा पुढे आणण्याची जॉब-नियंत्रणाची पद्धत ऑस्ट्रियातील लाक्सेनबुर्ग येथील संस्थेत जिम कल्प यांनी सी-शेलसाठी विकसित केली. बर्कलीच्या १९८० च्या सुमाराच्या आवृत्तीतून ती पसरली आणि युनिक्सवळणाच्या प्रणालींसाठीच्या १९८८ च्या पॉझिक्स मानकात ऐच्छिक भाग म्हणून समाविष्ट झाली.

स्क्रिप्टमध्ये अखेरच्या पार्श्वभूमी-अपत्याचा क्रमांक ‘$!’ या चलात मिळतो. तो लगेच दुसऱ्या चलात साठवावा, कारण पुढचे अपत्य निघताच त्याची जागा नवा क्रमांक घेतो. पाइपने जोडलेल्या आदेशांच्या मालिकेत हा क्रमांक केवळ शेवटच्या आदेशाचा असतो, म्हणून त्याला सिग्नल (प्रक्रियेला पाठवायची सूचना) पाठवल्याने आधीचे दुवे थांबतीलच असे नाही. ‘वेट’ला क्रमांक दिल्यास त्या अपत्याचा निर्गमांक (संपताना परत दिलेला अंक) मिळतो. सिग्नलने संपलेल्या अपत्याच्या बाबतीत बॅशसह बहुतेक शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून देतात : सिगटर्म (१५) साठी १४३, सिगकिल (९) साठी १३७. अनेक अपत्यांपैकी जे प्रथम संपेल त्याची वाट पाहण्याची सोय बॅशच्या ४.३ या आवृत्तीत आली.

‘किल’ हा आदेश नावाप्रमाणे ठार मारत नाही, सिग्नल पाठवतो. सिग्नल न सांगितल्यास सिगटर्म पाठवला जातो, आणि तो विनंतीच्या स्वरूपाचा असतो. अपत्य तो पकडून तात्पुरत्या फाइली आवरू शकते किंवा त्याकडे दुर्लक्षही करू शकते. सिगकिल पकडता येत नाही, पण त्यामुळे आवराआवरीची संधीही जाते आणि त्या अपत्याने स्वतः निर्माण केलेल्या प्रक्रिया तशाच चालू राहतात. म्हणून आधी सिगटर्म, मग काही अवधी आणि तरीही प्रक्रिया जिवंत असल्यासच सिगकिल, हा क्रम सर्वमान्य आहे. जीएनयूचा ‘टाइमआउट’ हा आदेश हेच काम करू शकतो व मुदत संपल्यास सामान्यतः १२४ हा निर्गमांक देतो.

स्क्रिप्टला स्वतःला थांबवले जाते तेव्हा खरी गुंतागुंत दिसते. समजा स्क्रिप्टने ‘ट्रॅप’ (सिग्नल आल्यावर चालवायचे आदेश) लावला आहे आणि ती पार्श्वभूमीवर न सोडलेल्या ‘स्लीप ६००’ (६०० सेकंद थांबणे) या आदेशावर थांबली आहे. या वेळी केवळ स्क्रिप्टला सिगटर्म पाठवल्यास ट्रॅपमधील आदेश स्लीप संपेपर्यंत, म्हणजे कदाचित दहा मिनिटे, सुरू होत नाहीत. स्लीप पार्श्वभूमीवर सोडून त्याच्या क्रमांकावर ‘वेट’ केल्यास ‘वेट’ तत्काळ १२८ हून मोठ्या अंकासह परतते व ट्रॅप लगेच चालतो. स्लीप मात्र अजून जिवंत असतो, म्हणून ट्रॅपमध्ये त्याला सिग्नल पाठवून पुन्हा ‘वेट’ करावे लागते. हे दुसरे ‘वेट’ हमखास विसरले जाते. जॉब-नियंत्रण बंद असताना ‘&’ने सोडलेले आदेश सिगिंट या कंट्रोल-सीने जाणाऱ्या सिग्नलकडे दुर्लक्ष करण्याच्या स्थितीतच सुरू होतात, हे पॉझिक्सनेच ठरवलेले आहे. कंट्रोल-सी दाबल्यावर स्क्रिप्ट संपते आणि तिची अपत्ये चालूच राहतात, याचे एक मोठे कारण हेच होय.

नातवंड-प्रक्रियांपर्यंत पोहोचण्यासाठी प्रक्रिया-गटाचा (एकत्र सिग्नल पाठवता येणाऱ्या प्रक्रियांच्या समूहाचा) आधार घेतला जातो. ‘किल’ला गटाचा क्रमांक उणे चिन्हासह दिल्यास सिग्नल सर्व सदस्यांना जातो. स्क्रिप्टची अपत्ये सहसा स्क्रिप्टच्याच गटात असतात. त्यामुळे ‘किल ०’ (आपल्याच गटाला सिग्नल) हा सोपा उपाय स्क्रिप्टला स्वतःलाही लागू होतो आणि ती दुसऱ्या स्क्रिप्टने बोलावलेली असल्यास बहुधा त्या स्क्रिप्टलाही. ‘सेटसिड’ने किंवा ‘सेट -एम’ने अपत्याला वेगळा गट देणे अधिक सुरक्षित ठरते.

संपलेले पण जनकाने निकाल न घेतलेले अपत्य ‘झॉम्बी’ म्हणून प्रक्रिया-कोष्टकात राहते. ते आधीच संपलेले असल्याने त्यावर सिगकिलचाही परिणाम होत नाही. जनक आधी संपल्यास अपत्य अनाथ होते व त्याचे पालकत्व क्रमांक १ च्या प्रक्रियेकडे, किंवा लिनक्स ३.४ (२०१२) पासून नेमून दिलेल्या पूर्वज प्रक्रियेकडे जाते. निकाल घेतल्यानंतर क्रमांक मोकळा होऊन दुसऱ्याच प्रक्रियेला मिळू शकतो, म्हणून फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या जुन्या क्रमांकावर सिग्नल पाठवणे धोक्याचे असते. यावर उपाय म्हणून लिनक्स ५.३ (२०१९) मध्ये कोणत्याही चालू प्रक्रियेसाठी क्रमांकाऐवजी फाइल-निर्देशक (फाइल डिस्क्रिप्टर) मिळवण्याची सोय झाली. लिनक्स ५.१४ (२०२१) पासून संपूर्ण सी-गट (कंट्रोल ग्रुप, म्हणजे एकत्र नियंत्रित केलेल्या प्रक्रियांचा समूह) एका विशेष फाइलमध्ये एकदाच लिहून संपवता येतो.

विंडोजमध्ये युनिक्ससारखे प्रक्रिया-गटांना पाठवायचे सिग्नल नाहीत. तेथे ‘टास्ककिल’ला योग्य पर्याय देऊन अपत्यांसह प्रक्रिया संपवता येते आणि विंडोज २००० पासून ‘जॉब ऑब्जेक्ट’मध्ये प्रक्रिया एकत्र बांधता येतात.