ठसा तोच, पदक मात्र नंतरचं

आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदक हातात घेतलं की वस्तू फारच साधी वाटते. मधे काळा रंग दिलेला लोखंडी गाभा, त्याला पुढून एक आणि मागून एक चांदीची चौकट, आणि दोन्ही चौकटी कडेला डाख देऊन जोडलेल्या. भिंग लावलं तर कडेवर हा सांधा केसाएवढा दिसतो, दिसायलाच हवा. एकसंध ओतलेल्या नकलेत तो नसतो, नाहीतर नंतर कानशीने ओढलेला असतो. दुसरी परीक्षा चुंबकाची. नवशिका संग्राहक इथे समाधान मानतो आणि इथेच फसतो, कारण अस्सल असूनही पितळी गाभ्याचे क्रॉस आहेत आणि चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडी गाभ्याच्या नकलाही भरपूर आहेत.

या घोळाची मुळं पदक कसं दिलं आणि कोणी बनवलं यातच आहेत. त्यासाठी १८१३ पर्यंत मागे जावं लागतं.

नेपोलियनने प्रशिया या जर्मन राज्याला पुरतं नागवलं होतं. बायका अंगावरचं सोनं युद्धनिधीत देत आणि बदल्यात लोखंडी दागिने मिरवत, तो हा काळ. राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने पदक काढलं तेही लोखंडाचं. त्याला घाट दिला कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुकाराने. स्थापनेची तारीख धरली १० मार्च, म्हणजे १८१० साली वारलेल्या राणी लुईझाचा जन्मदिवस. पुढे १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा पदकाचं पुनरुज्जीवन झालं १९ जुलैला, तिच्या पुण्यतिथीला. खरी नवलाई मात्र वेगळीच होती: शिपाई असो की सेनापती, पदक एकच. हुद्द्यांच्या उतरंडीवर चालणाऱ्या त्या सैन्यात ही साधी गोष्ट नव्हती.

सगळ्यांना द्यायचं म्हटल्यावर संख्या फुगणारच. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या, म्हणजे खालच्या वर्गाचे सुमारे ५० लाख क्रॉस वाटले गेले. एवढं काम एका टांकसाळीचं नव्हे. ते अनेक खासगी कारखान्यांकडे आणि सराफांकडे गेलं. शिवाय सरकारने दिलेला क्रॉस जपून ठेवायचा आणि रोज लावायला दुकानातून दुसरा घ्यायचा, अशी अधिकाऱ्यांची रीत होती. हे विकतचे क्रॉस कधी फुगीर, कधी मागे पिनेऐवजी मळसूत्र असलेले, आणि बरेचदा सरकारी मालापेक्षा देखणे. ते खोटे नव्हेत. पण ‘अस्सल’ या शब्दाला तेव्हाच दोन अर्थ चिकटले.

१ सप्टेंबर १९३९ ला, पोलंडवरच्या हल्ल्याच्या दिवशीच, हिटलरने हे पदक पुन्हा सुरू केलं आणि मधोमध स्वस्तिक बसवलं. किरकोळ विक्री तशीच चालू होती. तिला शिस्त लावण्यासाठी १९४१ मध्ये पदक उत्पादकांचा संघ आला आणि दुकानात विकायच्या मालावर ‘एल’ अक्षर, तिरकी रेघ आणि क्रमांक उमटू लागला. सरकारला पुरवलेल्या मालावर राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने दिलेला क्रमांक असे. ल्यूडेनशाइड गावच्या श्टाइनहाउअर उंड ल्यूक या कारखान्याचा सरकारी क्रमांक ४, तर दुकानी क्रमांक १६. संग्राहक आज फितीच्या कडीवर भिंगाने शोधतात ते हेच बारके आकडे.

धातूही तारीख सांगतो. सुरुवातीचे बिल्ले टोंबाकचे, म्हणजे भरपूर तांबं असलेल्या पितळेचे, किंवा जर्मन सिल्व्हरचे. (आपल्याकडे ‘जर्मनचं पातेलं’ म्हणजे ॲल्युमिनियमचं, हे जर्मन सिल्व्हर निराळं. तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा कणही नाही.) युद्ध लांबलं तसं तांबं लढाईच्या सामानाकडे वळलं आणि बिल्ले जस्ताचे झाले. जस्तावर मुलामा टिकत नाही. वरची झिलई उडून राखाडी पृष्ठभाग उघडा पडतो, कधी त्यावर बारीक फोडही येतात. रशियातल्या पहिल्या हिवाळ्यासाठी १९४२ मध्ये काढलेलं पूर्व आघाडीचं पदक अशा जस्ती मालाचा चांगला नमुना आहे. सैनिक त्याला ‘गोठलेल्या मांसाचं पदक’ म्हणत. तेव्हा उशिराच्या काळातला जस्ताचा बिल्ला सोन्यासारखा लखलखत समोर आला, तर मी आधी हात आखडता घेईन.

१९४५ मध्ये राज्य बुडालं. ठसे, म्हणजे पदकं पाडायचे साचे, बुडाले नाहीत. व्हिएन्नातल्या रुडॉल्फ सूव्हाल कारखान्याने युद्धानंतरही संग्राहकांसाठी जुन्या ठशांवरून माल काढला, आणि काहींवर आपला जुना ‘एल’ क्रमांक ५८ सुद्धा उमटवला. सुभाषबाबूंनी १९४२ मध्ये जर्मनीत स्थापन केलेली आझाद हिंदची पदकं, शेर-ए-हिंद, वीर-ए-हिंद वगैरे, याच कारखान्यात घडली. त्यामुळे हा प्रश्न भारतीय संग्राहकालाही चुकत नाही.

मग २६ जुलै १९५७ चा पश्चिम जर्मन कायदा आला. युद्धातली पदकं लावायला परवानगी मिळाली, पण स्वस्तिकाशिवाय. आयर्न क्रॉसवर त्या जागी ओकची तीन पानं आली. माजी सैनिकांसाठी हे नवे क्रॉस करणाऱ्यांत जुनेच कारखाने होते. आता चौकट तीच आणि फरक फक्त गाभ्यात, म्हटल्यावर लबाडाचं काम किती सोपं! त्यावर जाणकारांनी उतारा शोधला तो ठशाच्या म्हातारपणात. ठशाला तडा गेला की प्रत्येक पदकाच्या चौकटीवरच्या दाणेदार रांगेत तो उमटतो, आणि तडा वाढतो, कधी भरून येत नाही. १९५७ नंतरच्या पदकावर लहान असलेला तडा १९४३ च्या म्हणवणाऱ्या पदकावर मोठा दिसला, तर गोष्ट उलटी झाली. नाइट्स क्रॉस या आयर्न क्रॉसच्या वरच्या दर्जाबद्दलचे मोठे वाद अशा दोन-चार दाण्यांवर रंगले आहेत.

फितीची परीक्षा सोपी, पण निसरडी. युद्धानंतर धाग्यांत आणि साबणाच्या पावडरींत चकाकी आणणारी रसायनं सर्रास आली. अतिनील दिव्याखाली ती निळसर उजळतात. मात्र एखाद्या आजीने अस्सल फीत मायेने धुऊन ठेवली असेल, तर तीही उजळते.

म्हणून कागदाला मान. सैनिकाच्या वेतनपुस्तिकेत, म्हणजे झोल्डबूखमध्ये, २२ व्या पानावर मिळालेल्या पदकांची नोंद असे. दुसऱ्या वर्गाचा क्रॉस मिळाल्याच्या दिवशी छातीवर लावायचा आणि नंतर बटणाच्या काजात नुसती फीत, असा नेम होता. त्यामुळे पदक घरच्या खणात नवं कोरं राहिलं आणि पुस्तिका खिशात घामाने, पावसाने चुरगळली. दोन्ही एकत्र विकायला आली आणि दोन्ही सारखीच कोरी करकरीत असली, तर २२ वं पान दिव्यासमोर धरून आधी शाई पाहावी.