दारिद्र्यदर्शनाचा वाद

परदेशी महोत्सवांत किंवा पुरस्कारांत नावाजलेल्या चित्रपटाने एखाद्या देशातील गरिबी ज्या प्रकारे दाखवली, त्यावरून त्याच देशात उठणारा वाद. मराठीत त्याला रूढ असे एक नाव नाही. ‘दारिद्र्याची निर्यात’, ‘गरिबीचे भांडवल’, ‘गरिबी विकणे’ हे शब्द आरोप करणाऱ्यांचे आहेत. इंग्रजीतून आलेला ‘पॉव्हर्टी पॉर्न’ हाही त्यांच्याच बाजूचा. आरोप क्वचितच खोटेपणाचा असतो. जे दाखवले ते आहेच, पण ते परक्यांपुढे का मांडले, असा सूर असतो. मराठी घरांत या वृत्तीला ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ एवढे म्हटले की पुरते. इंदूर हे चित्रपटांतून जगाला फारसे न दिसलेले शहर. पण स्वतःच्या प्रतिमेला ते फार जपते. त्यामुळे हा वाद तिथे वेगळ्या रूपात पाहायला मिळतो. त्याचा विचार नोंदीच्या उत्तरार्धात केला आहे.

वादाचे मूळ चित्रपटापेक्षा जुने आहे. 1927 मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेचे भारतीय समाजावर झोड उठवणारे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक आले. महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’त त्याला गटार-निरीक्षकाचा अहवाल म्हटले, आणि हे विशेषण आजही उद्धृत होते. त्याच लेखातले दुसरे विधान मात्र सहसा कोणी सांगत नाही. हे पुस्तक इंग्रज-अमेरिकनांपुढे ठेवण्याच्या लायकीचे नाही, पण प्रत्येक भारतीयाने वाचले तर त्याला काही फायदा होईल, असे गांधींनी लिहिले होते. एकच मजकूर एका वाचकासाठी त्याज्य आणि दुसऱ्यासाठी उपयोगी. पुढच्या शंभर वर्षांत या वादात जे काही बोलले गेले, त्यात या भेदापलीकडे नवे फार थोडे आहे.

सत्यजित राय यांच्या 1955 च्या ‘पथेर पांचाली’ या चित्रपटाला पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. नावात ‘पथ’ असल्याने तो खर्च कागदोपत्री रस्ते सुधारणेखाली दाखवला गेला. चित्रपट परदेशी पाठवण्याला सरकारातूनच विरोध झाला, तेव्हा नेहरूंनी पाठराखण केली. 1956 मध्ये कान महोत्सवात त्याला ‘सर्वोत्तम मानवी दस्तऐवज’ म्हणून गौरवण्यात आले. ठिणगी पडली ती पाव शतकाने. 1980 मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या नर्गिस दत्त यांनी सत्यजित राय परदेशात भारताची गरिबी नेतात, असा आरोप केला. मग आधुनिक भारत म्हणजे काय, या मुलाखतकाराच्या प्रश्नाला त्यांनी धरणांचे उदाहरण दिले. स्वतः नर्गिस ज्या चित्रपटामुळे जगाला ठाऊक झाल्या, त्या 1957 च्या ‘मदर इंडिया’त सावकाराच्या पाशात अडकलेली, चिखलात नांगर ओढणारी बाई आहे. तो ऑस्करच्या अंतिम नामांकनांत पोचला होता, आणि त्याचे नावही मेयोच्या पुस्तकाला उत्तर म्हणून ठेवले होते. यात ढोंग शोधण्याची गरज नाही. त्या चित्रपटातली गरिबी शेवटी कालव्याच्या पाण्याशी येऊन थांबते. रायांची थांबत नाही. नर्गिस यांची तक्रार बहुधा या न थांबण्याविषयीच असावी.

दरम्यान सरकारनेही एकदा हात दाखवला होता. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल याने भारतावर केलेले माहितीपट बीबीसीने 1970 मध्ये प्रक्षेपित केले. त्यावरून तंटा वाढून बीबीसीचे दिल्लीतील कार्यालय बंद झाले.

2009 चे प्रकरण सर्वांच्या आठवणीत आहे. डॅनी बॉइलचा ‘स्लमडॉग मिलिऑनेर’ त्या जानेवारीत भारतात लागला आणि फेब्रुवारीत त्याला आठ ऑस्कर मिळाले. पाटण्यात चित्रपटगृहावर निदर्शने झाली. राग नावातल्या ‘डॉग’वर होता. अमिताभ बच्चन यांच्या ब्लॉगवरील, चित्रपटावर टीका करणाऱ्या मजकुरावरून गदारोळ झाला, तेव्हा ही मते वाचकांची आहेत, असा खुलासा त्यांनी केला. खरी टोचणारी गोष्ट मे महिन्यात घडली. चित्रपटात काम केलेल्या दोन मुलांची घरे वांद्र्याच्या झोपडपट्टीत होती, आणि वेगवेगळ्या पाडकामांत ती दोन्ही गेली. निर्मात्यांनी मुलांसाठी न्यास उभारून घरांची सोय हाती घेतली. चित्रपटाने देशाचा अपमान केला का, यावर महिनोन्महिने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या पाडकामांवर तोंड उघडले.

हे भारताचेच दुखणे नाही. इटलीत 1952 मध्ये चित्रपट खाते सांभाळणाऱ्या जुलिओ आंद्रेओत्ती यांनी ‘उम्बेर्तो डी.’ या चित्रपटाबद्दल दिग्दर्शक वित्तोरिओ दे सिका यांना जाहीर पत्र लिहून खडसावले. जगाला हीच विसाव्या शतकाच्या मध्याची इटली वाटली, तर देशाची वाईट सेवा घडेल, असा त्यांचा मुद्दा होता. मेक्सिकोत लुईस बुन्युएलचा ‘लोस ओल्विदादोस’ 1950 मध्ये लागला आणि संतापामुळे काही दिवसांतच उतरवावा लागला; पुढच्या वर्षी कानमध्ये दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाल्यावर तो पुन्हा लागला आणि चालला. इजिप्तमध्ये 2021 मध्ये कानहून गौरव घेऊन आलेल्या ‘फेदर्स’च्या खेळातून काही नामवंत कलाकार उठून गेले. कोलंबियातील लुईस ओस्पिना आणि कार्लोस मायोलो यांनी 1970 च्या दशकाअखेर उलट बाजूने हल्ला चढवला. परदेशी वाहिनीसाठी भिकारी आणि वेडे शोधत फिरणाऱ्या चित्रपट-पथकाची टर उडवणारा लघुपट त्यांनी काढला आणि अशा धंद्याला ‘पोर्नोमिसेरिया’ हे नाव दिले. त्यांचा आक्षेप देशाच्या अब्रूशी निगडित नव्हता. ज्याला कॅमेऱ्यापुढे उभे केले, त्या माणसाची अब्रू त्यांना महत्त्वाची होती. भारतातल्या वादात हा दुसरा आक्षेप पहिल्याच्या गोंगाटात नेहमी हरवतो.

मराठीशी सर्वांत जवळचे उदाहरण ‘चक्र’चे. जयवंत दळवींच्या मुंबईतील झोपडपट्टीवरच्या 1963 च्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनी हिंदीत चित्रपट केला आणि 1981 मध्ये लोकार्नो महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण बिबळ्या, मिळाले. उघड्यावर आंघोळ करणारी स्मिता पाटील हे त्यातले एक साधे दृश्य होते. झोपडपट्टीतल्या बाईला आडोसा नसतो, एवढेच ते सांगते. वितरकांनी नेमके तेच पोस्टरवर घेतले. अशा जाहिरातीवर स्मिता पाटील यांनी स्वतः टीका केली होती. म्हणजे या चित्रपटातली गरिबी परक्यांनी सन्मानाने पाहिली आणि तिचा बाजार मांडला तो देशातल्या भिंतींवर. ‘निर्यात’ हा शब्द वापरणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवायला हवे.

इंदूरच्या संदर्भात

इंदूरच्या मराठी घरांत ‘झोपडपट्टी’ म्हणतात, रस्त्यावरच्या हिंदीत ‘बस्ती’, आणि सरकारी कागदावर ‘गंदी बस्ती’. मध्य प्रदेशाचा 1976 चा कायदाच ‘गंदी बस्ती क्षेत्र (सुधार तथा निर्मूलन)’ या नावाचा आहे. पाटण्यात ‘डॉग’ शब्दावर मोर्चे निघाले, पण ‘गंदी’वर कोणी निदर्शने केल्याचे ऐकिवात नाही. 1984 च्या कायद्याने भूमिहीनांना ते राहतात त्या जागेचे पट्टे, म्हणजे हक्काचे कागद, देण्याची सोय झाली. तेव्हापासून ‘पट्टा मिळाला का’ हा या वस्त्यांतला कायमचा प्रश्न आहे.

या शहराची गरिबी जगापुढे गेली ती पडद्यावरून नव्हे, नकाशांवरून. वस्त्या बहुतेक खान (आता अधिकृतपणे कान्ह) व सरस्वती या नद्यांच्या आणि नाल्यांच्या काठाने वसल्या होत्या. पाणी जिकडे उतरते तिकडेच गरीब राहतो, हे पाहून अभियंता हिमांशु पारीख यांनी या वस्त्यांच्या रेषेनेच सबंध शहराची मलवाहिनी न्यायची योजना मांडली. ब्रिटिश मदतीने ती राबवली गेली आणि 1998 मध्ये तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पुढे नियोजनकार गीता दीवान वर्मा यांनी तिच्यावर जोरदार टीका केली: पुरस्काराच्या अहवालातली वस्ती आणि जागेवरची वस्ती यांत अंतर आहे. म्हणजे इथे आरोपाची दिशाच फिरली. चित्रपटाला म्हणतात की गरिबी फुगवून दाखवली. योजनेला म्हटले गेले की सुधारणा फुगवून दाखवली. पारितोषिक परदेशी, दाखवलेली वस्ती आपली, आणि त्या वस्तीला कोणी विचारले का हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

दुसरी गरिबी तर कोणाच्याच चौकटीत आली नाही. हुकुमचंद मिल ही कापड गिरणी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची थकबाकी, सुमारे 224 कोटी रुपये, मिळायची व्यवस्था डिसेंबर 2023 मध्ये झाली. मधल्या तीस वर्षांत परदेशीपुरा-पाटणीपुऱ्याकडची घरे पक्कीच होती, मुले शाळेत जात होती, आणि बाप न्यायालयाच्या तारखांना. अशा दारिद्र्याला नाला नसतो, पत्र्याचे छप्पर नसते, त्यामुळे ते कॅमेऱ्यात भरत नाही. राज कपूरच्या पदपथापासून महोत्सवी चित्रपटांपर्यंत सगळ्यांची या बाबतीत एकच मर्यादा आहे. (इंदुरातच जन्मलेल्या सलीम खान यांनी जावेद अख्तर यांच्यासह लिहिलेल्या पटकथांतही गरीब मुलगा पदपथावर झोपतो आणि शेवटी मोठ्या गाडीत बसतो. त्याने देशाची बदनामी झाल्याची तक्रार कोणी केली नाही. ते चित्रपट पाहणारे घरचेच होते.)

2017 पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिले आले. 2023 मध्ये सुरतसोबत. कचऱ्यावरून नाव होणे शहराला अगदीच नवे नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1920 च्या दशकात इथे विकसित केलेली कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभरच्या शेतीग्रंथांत आहे. पण पहिल्या क्रमांकाचा अभिमान वेगळा. तो राजवाड्याच्या चौकात, सराफ्यातल्या खाऊगल्लीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकू येतो आणि पाहुण्याला आधी तोच सांगितला जातो.

29 जानेवारी 2021 रोजी महापालिकेच्या गाडीतून काही बेघर वृद्धांना देवासच्या वाटेवरील क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवण्यात आले. गावकऱ्यांनी अडवले आणि मोबाइलवर चित्रण केले. ती चित्रफीत काही मिनिटांची आहे. तीत संवाद-लेखन नाही, प्रकाशयोजना नाही, दिग्दर्शक परदेशी नाही. देशभर नाचक्की झाली, मुख्यमंत्र्यांनी एका उपायुक्ताला निलंबित केले. गरिबी चव्हाट्यावर मांडल्याचा आरोप त्या गावकऱ्यांवर करण्याची मात्र सोय नव्हती. चित्रफितीत शेवटी कर्मचारी त्याच म्हाताऱ्यांना आणि त्यांच्या बोचक्यांना पुन्हा गाडीत चढवताना दिसतात.