तीन डोस का लागले? डीएनए लशीची मागची गोष्ट

ऑगस्ट २०२१. सोलापुरात कोविशिल्डसाठी रांगा लागत होत्या आणि अहमदाबादच्या झायडस कॅडिलाच्या ‘झायकोव्ह-डी’ला आपत्कालीन परवानगी मिळाली. माणसांसाठी मंजूर झालेली जगातली ही पहिली डीएनए लस, म्हणजे जंतूचं प्रथिन बनवायची कृती डीएनएच्या रूपात शरीराला देणारी लस. वर्गात मुलांनी लगेच विचारलं, ‘सर, हिला सुई नाही म्हणतात, आणि डोस मात्र तीन?’

उत्तरासाठी १९९० पर्यंत मागे जावं लागतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला आणि स्नायूपेशींनी त्यावरून प्रथिन बनवलं. १९९२ मध्ये सोन्याच्या बारीक कणांवर डीएनए चढवून तो उंदरांच्या कानाच्या कातडीत मारला, तर प्रतिपिंडं तयार झाली. पुढच्याच वर्षी अशा लशीने उंदरांना फ्लूपासून वाचवलं. माणसांत मात्र प्रतिसाद फिका निघाला.

अडचण पोचवण्याची होती. उघडा डीएनए वाटेतच विकरं (एन्झाइम्स) तोडतात. त्याच्यावर ऋणभार, पेशीच्या आवरणावरही ऋणभार, त्यामुळे आत शिरणं कठीण. शिवाय स्नायूपेशी म्हणजे पहारेकरी नव्हे. खऱ्या पहारेकरी डेंड्रिटिक पेशी, १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांनी ओळखलेल्या. जंतूचा तुकडा लसिका ग्रंथीपर्यंत नेऊन टी-पेशींना, म्हणजे जंतूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात त्या याच. कातडीत त्या भरपूर असतात, म्हणून झायकोव्ह-डी दाबाच्या फवाऱ्याने कातडीतच सोडतात. तरीही बराच डीएनए वाया जातो, म्हणून डोस वाढतात.

मी मुलांना चादरींच्या गठ्ठ्याचं उदाहरण देतो. वेष्टन नाही, पत्ता नाही, असा गठ्ठा ट्रान्सपोर्टला टाकला तर तो पोचेल का? नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, हे डीएनएचं वेष्टन. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं कायटोसान धनभारित असतं, ते डीएनएला घट्ट धरतं. जखमेच्या विरघळणाऱ्या टाक्यांत वापरलं जाणारं पीएलजीए हे पॉलिमर दुसरं. कणावर मॅनोज साखर लावली की पत्ताही झाला, कारण डेंड्रिटिक पेशींवर ती ओळखणारे ग्राही (रिसेप्टर) असतात. पेशीने कण गिळला तरी तो एका पिशवीत अडकतो. १९९५ मध्ये फ्रान्समध्ये पुढे आलेलं पॉलिएथिलिनइमाइन हे रसायन त्या पिशवीतून डीएनएला बाहेर पडायला मदत करतं, पण ते पेशींना विषारीही ठरतं.

शेवटचं कुलूप पेशीच्या केंद्रकाचं, डीएनए वाचला जातो तो तिथेच. एमआरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली प्रथिनाची कृती, हिला तिथे जावंच लागत नाही, म्हणून २०२० मध्ये मेदाच्या नॅनोकणांतल्या एमआरएनए लशी पुढे निघून गेल्या. पण त्यांतल्या पहिल्या लशी गोठवून ठेवाव्या लागत. डीएनए उष्णतेला जास्त टिकतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो.