गोड्या पाण्याच्या नदीतले प्राणीप्लवक (गोवा)

प्राणीप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, प्रवाह नेईल तिकडे जाणारे. गोड्या पाण्यात मुख्य गट तीन-चारच: रोटिफर (तोंडाभोवती बारीक केसांचं चक्र असलेले), आणि झिंग्यांच्या नात्यातले तीन गट: क्लॅडोसेरा म्हणजे पाणपिसवा (डॅफ्निया, मोइना वगैरे), कॉपेपॉड (लांबट, झटके देत पोहणारे) आणि थोडे ऑस्ट्राकॉड (दोन शिंपल्यांच्या कवचातले). रोटिफर बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान, मायक्रोस्कोपशिवाय नीट दिसत नाहीत, पण सायक्लॉप्स हा कॉपेपॉड ग्लासातलं पाणी उजेडात धरलं तर झटके देत पळणारा ठिपका म्हणून दिसतो. नारू हा जंताचा रोग पूर्वी ह्या सायक्लॉप्समधूनच पसरायचा, न गाळलेलं पाणी प्यायल्यामुळे (भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला).

गोव्यात सगळा हिशोब पावसावर. वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, त्यामुळे खांडेपार, वाळवंटी, कुशावती अशा नद्या भरून धावतात, पाणी तांबडं गढूळ होतं, उजेड आत जात नाही, सूक्ष्म शेवाळ वाढत नाही आणि ते खाणारे उपाशी राहतात, शिवाय जे असतात ते पण वाहून जातात. नमुना घ्यायच्या जाळीत मातीच जास्त येते. शेतातले, डबक्यातले जीव पुराबरोबर नदीत येतात म्हणून जातींची यादी कधी कधी लांबलचक दिसते, पण ते सगळे नदीचेच आहेत असं धरायचं कारण नाही.

चवथीनंतर पाऊस ओसरला, पाणी निवळलं की आधी रोटिफर वाढतात, कारण त्यांची मादी नराशिवायच अंडी घालते आणि पिल्लं थोड्याच दिवसांत मोठी होतात. कॉपेपॉडना नॉप्लियसपासून (अंड्यातून निघालेल्या पहिल्या पिल्लापासून) मोठं व्हायला जास्त वेळ लागतो, ते मागून येतात. हिवाळ्यात बंधाऱ्यांना फळ्या घातल्या की मागे पाणी साचतं, तिथे क्लॅडोसेरा पण बऱ्यापैकी मिळतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी कमी, गरम, खाणं भरपूर, म्हणून संख्या बऱ्याचदा सगळ्यात जास्त. पण संख्या म्हणजे विविधता नव्हे! समजा १०० जीव मोजले आणि ८० एकट्या ब्रॅकिओनस ह्या रोटिफरचे निघाले तर शॅनन इंडेक्स (विविधता मोजायचा आकडा) खालीच येणार, आणि सांडपाणी मिसळणाऱ्या जागी असंच व्हायची शक्यता जास्त.

नमुन्यासाठी साधारण ५०-६० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) भोकांची जाळी, मग नमुना टिकवायला ४ टक्के फॉर्मेलिन, आणि सेजविक-राफ्टर सेल ह्या मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या मोजणीच्या काचपट्टीत १ मिली घेऊन मोजणी. जागा निवडताना भरती बघावी लागते, मांडवीत तिचा परिणाम पार वरच्या गांजे गावापर्यंत पोचतो, आणि उन्हाळ्यात खारं पाणी वर सरकतं तेव्हा खालच्या भागात गोड्या पाण्यातल्या जातींच्या जागी समुद्राकडचे कॉपेपॉड यायला लागतात.